कूट घालायच्या आधी

कमलाकरभाऊजींना स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. अंडं उकडायला ठेवून हा माणूस पेपर वाचत बसायचा. पाणी आटायचं, अंडं फुटायचं आणि छतापर्यंत उडायचं. वाढवून सांगत नाहीये. ते छत मी स्वतः स्टुलावर चढून पुसलंय.

ते आमच्या ह्यांचे मित्र. चंद्रशेखर आणि कमलाकर, दोघेही एकाच वर्षी पुण्याहून सिंगापूरला आले आणि सेम्बावांगच्या गोदीत लागले. हे मशीनवर, भाऊजी पाइपांवर. जहाजाच्या पोटात उतरून पाइपांचे सांधे तपासायचे, हेच त्यांनी सव्वीस वर्षं केलं. सांधा गळका आहे की नाही हे म्हणे त्यांना हात लावून कळायचं. माणसांचं मात्र काही कळत नसे. हे गेले, मग चार वर्षांनी भाऊजींची अनघा गेली. मूलबाळ नाही. अनघाच्या मागे त्यांनी सेम्बावांगचा मोठा फ्लॅट सोडला आणि बुकित बातोकला आमच्याच ब्लॉकमध्ये, आमच्या दोन मजले खाली छोटी जागा घेतली. ओळखीचं कुणीतरी हाकेच्या अंतरावर असावं, एवढीच अपेक्षा.

मी म्हटलं, जेवायला आमच्याकडे येत जा. आले, आठ दिवस आले. रोज आमटीचा पहिला घोट घेतला की म्हणायचे, अनघा यात गूळ थोडा जास्त घालायची. आठव्या दिवशी माझं डोकं फिरलं. म्हटलं, मग जा अनघाकडेच जेवायला. बोलून गेले आणि जीभ चावली. माझी जीभ अशीच आहे, आधी चालते आणि मग मी तिच्या मागून धावते. भाऊजींनी पान संपवलं, ताट उचलून ठेवलं आणि दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत. मीही बोलवायला गेले नाही. मी कशी जाईन, मी मोठी शहाणी.

तर अशा रीतीने माझ्या जिभेपायी ते हानच्या दुकानात पोचले.

आमच्यापासून चार ब्लॉक पलीकडे खालच्या मजल्यावर दुकानांची ओळ आहे. एक दवाखाना, एक केस कापायचं, एक किराण्याचं, आणि शेवटी हे कोरियन सूपचं. सहा टेबलं, भिंतीवर फोटोंची यादी, आत मोठ्या पातेल्यात पहाटेपासून उकळणारं पाणी. चालवणारे नवरा-बायको. हान साधारण साठीचा, गप्प माणूस. बायको त्याच्याहून थोडी लहान, गोल चेहऱ्याची, सगळे तिला आंटी म्हणायचे. मी आपली तिला हानबाई म्हणायचे.

भाऊजी पहिल्या दिवशी तिथून तणतणत आले. लिफ्टमध्ये भेटले तर म्हणाले, वहिनी, कोंबडीचं पांढरंफटक सूप देतात आणि त्यात मीठच नाही. अळणी! यांना कुणी सांगत नाही का? मग दुसऱ्या दिवशी कळलं, मीठ वेगळ्या वाटीत देतात, ज्याचं त्याने आपल्या जिभेला लागेल तेवढं घालायचं. ही गोष्ट भाऊजींना इतकी पटली की ते महिनाभर सगळ्यांना तेच सांगत सुटले. भात सूपमध्ये लोटायचा, वर कांद्याची पात, शेजारी मुळ्याच्या तिखटात मुरवलेल्या लाल फोडी, त्या संपल्या की न मागता आणखी. कुणी विचारत नाही की एकटेच का. भिंतीकडची एक खुर्ची त्यांची झाली. पावणेबाराला, गर्दीच्या आधी, जाऊन बसायचे आणि एक वाजेपर्यंत घरी येऊन झोपायचे. साडेचार वर्षं हे घड्याळ एकदाही चुकलं नाही.

आता डब्याचं सांगते. हानबाईने एकदा त्यांच्याबरोबर डब्यात मुळ्याच्या फोडी दिल्या, संध्याकाळी खा म्हणून. भाऊजी डबा धुऊन तसाच परत न्यायला निघाले तेव्हा मी जिन्यात पाहिलं. म्हटलं, अहो, डबा रिकामा परत करतात का कुणाचा? अनघाने हेच शिकवलं का? आणि त्यात चार थालीपिठं घालून दिली. तिकडून आला तर त्यात तिळाच्या तेलातली पालेभाजी. आता त्यांचाही डबा मोकळा राहीना आणि माझाही. तीन वर्षं हे चाललं. आम्ही दोघी समोरासमोर चार-पाचदाच भेटलो असू, बोललो तर त्याहूनही कमी, पण तिच्या हाताची चव मला माहीत होती आणि माझ्या हाताची तिला. भाऊजी मध्ये पोस्टमन. दोन्हीकडून कौतुक ऐकायचे आणि आपणच रांधल्यासारखे मिरवायचे.

पहिल्याच महिन्यात भाऊजींनी निरोप आणला होता की हानबाईला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे खोकला येतो, अंगावर पुरळ उठतं असलं नव्हे. श्वास बंद होतो. तिच्याजवळ त्यासाठी पेनासारखं एक इंजेक्शन असतं. मी ऐकलं, मान हलवली आणि तेव्हापासून पाळलं. पाळलं म्हणजे कसं, तर कोशिंबिरीत कूट घालायच्या आधी तिचा वाटा डब्यात काढायचा आणि त्यात कुटाऐवजी ओलं खोबरं घालायचं. दिसायला सारखंच. तिला ते फार आवडायचं.

पण खरं सांगू? पाळलं, पण मनातून पटलं नव्हतं. आपल्याकडे दाणे म्हणजे काय? उपासाला दाणे, पोराला भूक लागली की गुळाबरोबर मूठभर दाणे, भाजी पातळ झाली की कूट, कोशिंबीर आंबट झाली की कूट. माझ्या स्वयंपाकघरात मिठाचा आणि कुटाचा डबा शेजारी शेजारी असतो आणि हात न बघता दोन्हीकडे जातो. दाण्यांनी कधी कुणी मेलंय का, असं मी तोंडाने म्हटलं नाही, पण माझ्या हाडामांसात तेच होतं. माझ्या सुनेला, मधुवंतीला, ते दिसत असावं. ती म्हणायची, आई, तुम्ही त्यांना काही पाठवत जाऊ नका, उगाच रिस्क कशाला. मला राग यायचा. पंचेचाळीस वर्षं स्वयंपाक करते आहे, मला शिकवते!

फेब्रुवारीतला मंगळवार होता. मधुवंती त्या दिवशी घरूनच काम करत होती. सकाळी तिने पुन्हा तेच काढलं आणि मी तिला फाडकन बोलले. म्हटलं, मी अजून चुकले नाही आणि चुकणारही नाही. ती कानाला ते हेडफोन लावून बसली. भाऊजी साडेअकराला बूट घालून दारात उभे. वहिनी, आटपा, माझी खुर्ची जाईल. मी म्हटलं, कुठे जातेय खुर्ची, पाय फुटलेत का तिला. काकडी चोचवली होती, दही घातलं, मीठ, साखर, फोडणी ओतली, हात फिरला, कोथिंबीर, डबा भरला, झाकण लावलं, हातात दिला. ते गेले.

एक वाजता मी आणि मधुवंती जेवायला बसलो. मी कोशिंबीर वाढून घेतली, घास घेतला. छान झाली होती. आणि सिंककडे नजर गेली तर खोवलेलं खोबरं वाटीत तसंच होतं. सगळंच्या सगळं.

हे मी आजवर फक्त एका माणसाला सांगितलंय. आता सगळं सांगते, मधे थांबवू नका.

मला तिथल्या तिथे कळलं, कूट डबा भरायच्या आधीच पडलं होतं. काही शंका नव्हती. हानच्या दुकानाची कागदी पिशवी फ्रिजच्या वर घडी करून ठेवली होती, तिच्यावर फोन नंबर छापलेला. चालत गेले असते तर सात मिनिटं. आणि मला हेही माहीत होतं की हान नवरा-बायको अडीचला जेवतात, गर्दी ओसरल्यावर, दाराला पाटी लावून. भाऊजींनी शंभरदा सांगितलेलं. म्हणजे दीड तास होता माझ्याकडे. मधुवंतीने हेडफोन काढून विचारलं, काय झालं आई? मी म्हटलं, काही नाही.

का म्हटलं? कारण फोन करायचा तर तिच्यासमोर करावा लागला असता. सकाळीच मी छाती ठोकून सांगितलं होतं की मी चुकणार नाही. मनात म्हटलं, कुठे लगेच खातेय ती, आणि खाल्लं तरी चिमूटभर कूट. मधुवंती मीटिंगला खोलीत गेली की खाली भाऊजींना उठवते, त्यांनाच पाठवते. मीटिंग दोनला होती. दोन वाजले. मग म्हटलं, त्यांची झोपमोड कशाला, अडीचला जाऊ. मग ओटा आवरायला घेतला. पावणेतीनला ॲम्ब्युलन्सचा आवाज आला. आमच्याकडे म्हातारी माणसं खूप, ॲम्ब्युलन्स रोजच येते. तरी मला कळलं. मी भांडी घासत होते, घासतच राहिले.

इंजेक्शन तिने घरी ठेवलेलं, पलीकडच्या ब्लॉकमध्ये, नवव्या मजल्यावर. इतक्या वर्षांत दुकानात कधी लागलं नव्हतं. हान पळत गेला, लिफ्ट यायला वेळ लागला, पळत आला. संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये ती गेली.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी भाऊजींना बोलावून घेतलं, डबा कुणी दिला ते विचारायला. परत आले ते सरळ आमच्याकडे. माझा मुलगा सुयश ऑफिसात, मधुवंती बाहेर गेलेली. खुर्चीत बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "वहिनी, मी त्यांना सांगितलं कोशिंबीर मी केली. तुमच्या घरात पोलिस कशाला? सुयशचा नागरिकत्वाचा अर्ज आत आहे, पोरांचं पुढचं आयुष्य आहे. माझं काय जातंय? माझ्या मागे कोण आहे?"

मी म्हटलं, अहो, असं कशाला केलंत. एकदाच म्हटलं आणि तेही हळू आवाजात. त्यांनी हात हलवला, झालं ते झालं. त्यांना वाटत होतं, हात चुकला. घाईत, त्यांच्याच घाईत, माझा हात चुकला. स्वतःलाच दोष देत होते, मी आटपा आटपा केलं म्हणून. तेव्हा तोंड उघडायचं होतं. एक वाजताचं खोबरं सांगायचं होतं. मी चहा ठेवला.

पोलिसांचं पुढे काही झालं नाही. अपघात, कुणाचा हेतू नाही, असं ठरलं. पण हानचं तसं नव्हतं. दोन महिने दुकान बंद होतं. उघडलं त्या दिवशी भाऊजी पावणेबाराला गेले. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेले होते, मी गॅलरीतून पाहिलं. अर्ध्या तासात परत आले. हानने त्यांना दारातच थांबवलं होतं. विचारलं, तू केलंस? भाऊजी म्हणाले, हो. हान म्हणाला, कसं करतात सांग. आता भाऊजी काय सांगणार कपाळ! काकडी घ्यायची, दही घ्यायचं, एवढं म्हणून अडकले. हानने साडेचार वर्षं त्यांना मदत म्हणून बसल्या बसल्या लसूण सोलताना पाहिलंय, एकेका पाकळीला पाच मिनिटं. तो म्हणाला, जिने केलं तिला घेऊन ये. मला फक्त एक विचारायचंय तिला. तोवर इथे बसू नकोस.

ओरडला नाही, हात धरून बाहेर काढलं नाही. फक्त दारात उभा राहिला, भाऊजी वळेपर्यंत.

भाऊजींनी मला हे जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाले, वहिनी, एकदा चला माझ्याबरोबर. पोलिसांचं संपलंय. त्याला नुसतं विचारायचंय. घरात हात सवयीने जातो, एवढंच तर सांगायचं. समजूतदार माणूस आहे तो. मी म्हटलं, येते की, या आठवड्यात नको, पाय दुखतोय. पुढच्या आठवड्यात म्हटलं, सुयशच्या अर्जाचं पत्र येऊ दे. आता नवं काही निघालं तर तुम्हीच अडकाल, पोलिसांना खोटं सांगितलं म्हणून. हे शेवटचं कारण मला फार सोयीचं होतं. जणू मी त्यांनाच वाचवत होते. हानला एकच प्रश्न विचारायचा होता आणि तो कोणता असेल ते मला रात्रंदिवस ठाऊक होतं. म्हणून पाय दुखत होता.

अर्जाचं पत्र जूनमध्ये आलं, मंजूर झाला. भाऊजी पेढे घेऊन वर आले. पेढा दिला, बसले, काही बोलले नाहीत. मीही नाही. तिसऱ्यांदा विचारावं लागू नये म्हणून ते आपणहून गप्प बसले, हे मला कळलं आणि मी त्याचा फायदा घेतला.

मी त्यांना जेवायला बोलावलं तर म्हणाले, नको, तुम्हाला त्रास. कॉफी शॉपमध्ये जाऊन नूडल्स खायचे, अर्ध्या टाकायचे. तिकडे जाताना वाकडी वाट करून हानच्या दुकानासमोरून जायचे. किराण्याच्या दुकानापाशी थोडा वेळ उभे राहायचे. आतून हान बघायचा, भाऊजीही बघायचे आणि पुढे निघायचे. मी एकदा भाजी आणायला गेले तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. चार पावलं टाकून मी त्या दारात गेले असते तर त्यांची खुर्ची त्यांना तिथल्या तिथे मिळाली असती. मी मेथी घेतली आणि मागच्या बाजूने घरी आले. लाज वाटली, खूप वाटली, पण लाजेने पाय हलत नाहीत माणसाचे.

सप्टेंबरपर्यंत त्यांची पँट पट्ट्यावर चुण्या पडून उभी राहू लागली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात न्हाणीघरात पडले. खालच्या शेजारणीने आवाज ऐकला म्हणून कळलं. खुब्याचं हाड मोडलं, मग छातीत कफ भरला. हॉस्पिटलात रोज दुपारी मी जायचे. त्यांना काहीच जाईना. डॉक्टरीणबाईने सांगितलं, त्यांना जे आवडतं ते पातळसं आणा, दोन-चार चमचे घेतले तरी पुष्कळ आहे, आता फार बंधनं ठेवू नका. ती कशाबद्दल बोलतेय ते मला कळलं.

मी भाऊजींना विचारलं, काय आणू? त्यांनी पेजेची वाटी बाजूला सारली. मग म्हणाले, "हानकडचं मिळेल का? मीठ मी घालीन."

हॉस्पिटलातून टॅक्सीने सरळ त्या दुकानावर गेले. साडेतीन झाले होते. दाराला बंदची पाटी होती. आत हान एकटाच टेबलाशी बसून मुळा कापत होता. काच वाजवली तर उठून आला. मला बघून दार उघडलं आणि बाजूला झाला. मी कोण ते सांगावंच लागलं नाही. त्याचं इंग्रजी तोडकंमोडकं, माझंही तसंच, त्यामुळे एकमेकांचं बरोबर कळत होतं.

मी म्हटलं, कमलाकर हॉस्पिटलात आहे. फार दिवस नाहीत. तुझं सूप मागतोय.

त्याने खांद्यावरचं फडकं हातात घेतलं. मी म्हटलं, कोशिंबीर त्याने केली नव्हती, मी केली होती. त्याने मान हलवली. मग मी सगळं सांगितलं, तिचा वाटा आधी काढायचे, खोबरं घालायचे, त्या दिवशी घाई होती, हात सवयीने गेला. ऐकताना तो हाताचे पंजे फडक्याला पुसत होता. म्हणाला, हो, हात जातो. माझी बायकोसुद्धा न बघता तेल ओतायची. आणि माझ्याकडे पाठ करून पातेल्याकडे गेला, आच मोठी केली. एका छोट्या भांड्यात सूप काढून गरम करायला ठेवलं. मग तसाच, पाठ करून, त्याने विचारलं, "तुला कधी कळलं?"

याचं उत्तर माझ्याकडे आठ महिन्यांपासून तयार होतं. पोलिसांनी भाऊजींना बोलावलं तेव्हा कळलं. पाठ केलेलं वाक्य. नुसतं म्हणायचं होतं, सूप घ्यायचं होतं आणि निघायचं होतं. तो अंगावर आला असता, ओरडला असता, तर मी हेच म्हटलं असतं, अगदी ठासून म्हटलं असतं; माझा स्वभावच तो. पण तो कोंबडीच्या मांसाचे धागे बोटांनी बारीक करत होता, आजारी माणसाला गिळता यावं म्हणून. उत्तर यायच्या आधीच करायला लागला होता. मला ते सोसेना.

मी म्हटलं, "एक वाजता."

तो वळला. एक बोट वर केलं, एक? मी म्हटलं, हो, जेवायला बसले तेव्हा. तो म्हणाला, आम्ही अडीचला जेवतो. मी म्हटलं, मला माहीत होतं. तुझा नंबरही होता.

सूपला उकळी आली. मला वाटलं, आता गॅस बंद करेल. करावा, असंही वाटलं. त्याने डोळे मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते. काय म्हणत होता कोण जाणे, त्याच्या भाषेत होतं. मग त्याने डोळे उघडले, सूप डब्यात ओतलं, झाकण दाबून लावलं, मिठाची पुडी वेगळी बांधली. पिशवी माझ्या हातात दिली आणि माझ्या तोंडाकडे न बघता म्हणाला,

"या वेळी लवकर जा."

मी गेले. सासष्टाव्या वर्षी पिशवी छातीशी धरून मी टॅक्सीच्या मागे पळाले. पोचले तेव्हा सूप अजून हाताला पोळत होतं. भाऊजींना उशीला टेकवून बसवलं. त्यांनी पुडी स्वतः उघडली, मला हात लावू दिला नाही, मीठ घातलं, ढवळलं. चार चमचे घेतले. पाचवा तोंडात राहिला.

मग म्हणाले, तुम्ही सांगितलंत त्याला? मी म्हटलं, सांगितलं. काय म्हणाला? मी म्हटलं, लवकर जा म्हणाला.

त्यांना इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही. म्हणाले, बघा, मी म्हणत नव्हतो? समजूतदार आहे. अजून काळजी करतो माझी. डोळ्यांना पाणी आलं त्यांच्या. माझा हात हातात घेतला, या माणसाने तीस वर्षांत कधी घेतला नव्हता, आणि म्हणाले, "वहिनी, फार उपकार केलेत. हे धैर्य कुणी दाखवलं नसतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. ते तीन दिवस मी त्यांच्या उशाशी बसून होते आणि ते शुद्धीवर होते. त्यांनाही मी एक वाजताचं सांगितलं नाही.